गवत संपल्यावरचा बाजार

हांबुर्ग मागे पडलं तशी खिडकीबाहेरची जमीन सपाट होत गेली, आणि शेवटी इतकी सपाट झाली की कोसभरावरची गायसुद्धा दिसावी. ऑक्टोबर होता. एका लहानशा स्टेशनावर उतरणारा मी एकटाच. फलाटावर रबरी बूट घातलेल्या फ्राऊ यान्सन उभ्या होत्या. "मोइन," त्या म्हणाल्या. (मोइन म्हणजे तिकडचा नमस्कार, सकाळ-संध्याकाळ तोच चालतो.) माझी पेटी त्यांनी स्वतःच उचलून ट्रॅक्टरमागच्या गाडीत टाकली.

मी हानोफरला पशुवैद्यक शिकत होतो. सुट्टीत काही आठवडे एखाद्या शेतावर राहून काम करायचं, असा तिथला नियम. बरोबरची मुलं आपापल्या गावी गेली. माझं गाव बार्शीकडे, म्हणून प्राध्यापकांनी मला हे ठिकाण शोधून दिलं. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे मिळेल त्या ठिकाणाबद्दल मला उपकारच वाटायचे.

यान्सनबाईंचं शेत मार्शात (समुद्राला बांध घालून मिळवलेली सखल जमीन) होतं. घर आणि गोठा एकाच शाकारलेल्या छपराखाली. यजमान वसंतात वारले होते. मोठ्या कुटुंबासाठी केलेल्या लांबलचक टेबलावर आम्ही दोघंच जेवायचो. उकडलेले बटाटे, तळलेला कांदा, ताकातली जवाची पेज. गोमांस खात नाही, हे मी पहिल्याच दिवशी अवघडत सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं. मलाही स्वतःची जनावरं ताटात नको असतात." त्यावर पुन्हा बोलणं निघालं नाही. तसं कशावरच फारसं निघायचं नाही.

संध्याकाळी मी डाइशवर (समुद्राच्या बांधावर) जाऊन मराठीत मोठ्याने बोलायचो. पत्रात लिहायची वाक्यं, पाढे, काहीही. ऐकायला मेंढ्या असायच्या.

एकदा बटाटे सोलताना बाई म्हणाल्या, "तुम्ही मेंढ्यांना व्याख्यान देता म्हणे. शेजारी सांगत होता."

"मराठीत देतो. जर्मन बोललो तर त्या चुका काढतील."

त्या पहिल्यांदा हसल्या, आणि मग आपणहून बोलल्या. कुरणात सहा बैल होते, दोन उन्हाळे गवतावर पोसलेले, खाटकासाठी. या बाजारात चांगला भाव आला तर त्या पैशांतून त्या वसंतात नवी वासरं आणणार होत्या. नाही आला तर जमीन दीर हिन्रिश यांना कसायला देऊन बहिणीकडे गावात राहणार होत्या. "हिन्रिश वाटच पाहतोय," त्या म्हणाल्या. "वाईट माणूस नाही. फक्त वाट पाहतोय."

बाजाराच्या दिवशी पहाटेच्या धुक्यात आम्ही बैल गाडीत चढवले. आदल्या दिवशी मी प्रत्येकाचे खूर, डोळे, दात तपासले होते. बाजारात शेकडो जनावरं लोखंडी दांड्यांना बांधलेली, आणि त्यांच्या श्वासाची वाफ. गवत संपलं की सगळा मुलूख एकदमच विकायला येतो, आणि हे व्यापाऱ्यांना पक्कं ठाऊक असतं. यंदा पावसाने चाराही कुजला होता. बैल परत घरी न्यायची कुणाचीच ऐपत नव्हती.

राखाडी कोटातला एक जाडा व्यापारी काठीने बैलाची पाठ चाचपत मला म्हणाला, "तुमच्याकडे यांना देव मानतात ना? करा नमस्कार. किलोमागे दोन फेनिग जास्त देतो."

"नमस्कार करतो," मी म्हणालो. "पण आधी भाव मोठ्याने बोला, सगळ्यांना ऐकू द्या."

आजूबाजूचे हसले. तोही हसला, पण भाव काही बोलला नाही. जाताना बाईंना म्हणाला, "चरबी फार आहे, यान्सन. महायुद्धानंतर लोक चरबीसाठी रांगा लावायचे. आता शहरातल्या बायका ती कापून टाकायला सांगतात. कोवळे, सडसडीत बैल पाळा."

"गवतावर सडसडीत होत नाहीत," बाई म्हणाल्या.

"तेच तर."

आमच्याकडे गुरांच्या बाजारात भाव उपरण्याखाली बोटं धरून ठरतो. काय ठरलं ते दोघांनाच कळतं. पडत्या भावात विकलं तरी माणूस ताठ मानेने घरी जातो. इथे मी बैल काट्यावरून रिंगणात आणला की लिलाव पुकारणारा वजन सांगे, भाव सांगे, आणि सगळा गाव ऐके. यान्सनबाईंच्या पहिल्या बैलाला पुकारा झाला आणि कुणीच बोललं नाही. पुकारणाऱ्याने भाव उतरवला. पुन्हा उतरवला. तेव्हा कुठे राखाडी कोटाची काठी वर झाली.

"फ्राऊ यान्सन, द्यायचा?"

बाई रिंगणाच्या कठड्याकडे बघत होत्या. "द्या."

सहाही तसेच गेले. शेवटचा बैल व्यापाऱ्याच्या वाड्यात सोडताना मी सवयीने त्याच्या गळ्यातला दोर काढला आणि बाईंच्या हातात आणून दिला. मागून व्यापाऱ्याचा गडी ओरडला, "ओ भारतवाले, दोर कुठे नेता? त्याला आता धरू कशाने?" तिकडे दोर जनावराबरोबरच जातो.

मी ओशाळून सांगितलं, "आमच्याकडे जनावर विकलं तरी दावं देत नाहीत. पुढचं जनावर त्याच दाव्याला बांधायचं असतं."

बाईंनी दोर हातात घेतला. ओला होता. त्यांनी तो नीट गुंडाळला आणि माझ्याकडे परत दिला.

"चांगली रीत आहे," त्या म्हणाल्या. "पण द्या त्याला. मी पुढचं आणणार नाही."

मी दोर गड्याला दिला. त्याने टोपीला नुसता हात लावला.

परतीच्या वाटेवर रिकामी गाडी मागे खडखडत होती. कुरणापाशी फाटक सकाळचं उघडंच राहिलेलं दिसलं. मी लावायला उतरलो.

"असू द्या," बाई ट्रॅक्टरवरून म्हणाल्या.

त्या आठवड्यात मी हानोफरला परतलो. स्टेशनावर त्यांनी पाव आणि उकडलेली अंडी बांधून दिली, हात हातात घेतला आणि पुन्हा "मोइन"च म्हणाल्या. जनावर निरोगी ठेवलं की शेतकऱ्याचं भलं होतं, एवढं धरून मी इतक्या लांब शिकायला आलो होतो. त्या सहा बैलांना काहीही झालेलं नव्हतं. खिडकीतून कुरणं मागे जात होती, बहुतेक सगळी रिकामी. त्यांतल्या कुठल्या कुरणात वसंतात जनावरं परत येणार आणि कुठल्यात नाही, हे गाडीतून सांगता येत नव्हतं.