बादलीची खूण

शिवणाच्या वर्गात चिंध्या कशा साठतात हे शिवणाऱ्यालाच ठाऊक. आपण मुद्दाम काही ठेवत नाही, पण वर्षाच्या शेवटी टेबलाखालून पोतंभर निघतात. माझ्याकडे किस्से तसेच साठलेत. जबलपूरला गढा भागात मुलींचं एक निवासी गृह होतं. घर नसलेल्या, किंवा घरी सांभाळायला कोणी नसलेल्या मुली तिथं राहायच्या. मी त्यांना शिवण आणि विणकाम शिकवायची. नवरा तोफांच्या फॅक्टरीत आणि मी सुईदोऱ्यात, असा आमचा संसार होता.

पहिल्या दिवशी धावदोरा घेतला. मुली मांडी घालून, रुमाल मांडीवर पसरून बसल्या. एवढी शांतता, की मी स्वतःवरच खूश झाले. घंटा झाली, मुली उठल्या, आणि सगळे रुमाल त्यांच्या फ्रॉकलाच लटकलेले! गोमती नावाची नऊदहा वर्षांची पोर तर शेजारच्या चमेलीच्या फ्रॉकलाच शिवली गेली होती. मी कात्री घेऊन पुढे झाले तर तिनं माझा हात धरला.

"काटो मत बहनजी. टाँका पहली बार सीधा आया है."

दोघी तशाच जेवायला गेल्या.

*

आमचे हे फॅक्टरीत तपासणी विभागात होते. खिशात कायम स्टीलची पट्टी. एका रविवारी मला घ्यायला आले आणि मुलींनी केलेली काजं मोजायला बसले. "हे मोठं. रिजेक्ट. हे वाकडं. रिजेक्ट." मुलींचे चेहरे उतरले. गोमती उठली आणि यांच्या बुशशर्टाकडे बोट दाखवून म्हणाली, "साहब, अब इसका नापो."

यांनी मोजलं. वरचं काज बटणाच्या दीडपट निघालं. ते माझ्या हातचं होतं. 

*

मग एकाहत्तरची लढाई लागली. फॅक्टऱ्यांचं गाव, त्यामुळे ब्लॅकआऊट कडक. गृहाच्या खिडक्यांना काळे पडदे शिवायचं काम आमच्या वर्गाकडे आलं. पडदे दोन दिवसांत झाले. पण मुलींना नुसतं काळं कापड बघवेना. मोठ्या सुयांनी त्यांनी त्यावर छान चांदण्या भरल्या, दोरा घट्ट ओढून.

संध्याकाळी दिवे लागले तसा सुयांनी पडलेल्या भोकांतून उजेड बाहेर पडायला लागला. ब्लॅकआऊट बघत फिरणारा माणूस रस्त्यातच थांबला आणि ओरडला, "ओ बहनजी, अपने तारे बंद करो!"

*

आता खुणांचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

गृहातल्या सगळ्या मुलींचे फ्रॉक एकाच ठाणातले. धोब्याकडे एकत्र जायचे आणि आल्यावर भांडणं. म्हणून प्रत्येकीची एक खूण होती. गळ्याच्या आत, मागच्या बाजूला, लाल दोऱ्यानं भरलेली. लहानींना वाचता येत नसे म्हणून चित्रं: मासा, छत्री, किल्ली. फुलपाखरू चमेलीचं. गोमती सगळ्यांत शेवटी आली, तोवर चांगली चित्रं संपली होती. तिच्या वाट्याला बादली आली. दर महिन्याला ती मला विचारायची, "बहनजी, तितली कब खाली होगी?"

तर लढाईत छावणीतल्या बायकांच्या समितीनं आमच्याकडे लोकर पाठवली. लष्करी दवाखान्यातल्या जखमी जवानांसाठी स्वेटर विणायचे होते. आमच्या अधीक्षिका सुशीलाताई, मूळच्या नागपूरच्या. त्यांचा बरेच दिवस शिवणाच्या खोलीवर डोळा होता.

"मले ते खोली गव्हाच्या पोत्यांसाठी पाहिजे," त्या म्हणाल्या. "ह्या स्वेटरांत काही गडबड निघाली ना, तर वर्ग बंद करून टाकीन. मग मले म्हणू नका काहून केलं."

त्या खोलीत मुली हसायच्या. बाकी गृहात फक्त रांगा होत्या.

मुली जीव लावून विणत होत्या. स्वेटर झाले, मी घड्या घालायला घेतले आणि बघते तर प्रत्येक गळ्याच्या आत लाल मासा, लाल छत्री, लाल किल्ली! सांगितलं कोणीच नव्हतं. आपल्या हातचा कपडा म्हणजे खूण करायचीच, एवढंच त्यांना माहीत. सुशीलाताई कडाडल्या, "फौजेचा माल आहे की तुमचं धुणं? उसवा सगळं." मुलींनी उसवलं. दोघीतिघी रडल्या. गाठोडं गेलं.

संक्रांतीला समितीच्या कर्नलीणबाई मला आणि काही मुलींना दवाखान्यात तिळाचे लाडू वाटायला घेऊन गेल्या. सुशीलाताई बरोबर होत्याच. वॉर्डात शिरतोय तर एक जवान पाय प्लास्टरमध्ये घेऊन बसलेला, आणि शेजारचे त्याला हाका मारताहेत, "ओ बाल्टी! लड्डू आ गए." त्यानंही हसत मान वाकवून स्वेटरचा गळा उलटा करून दाखवला. आत लाल बादली, एक टाकाही न उसवलेली.

सुशीलाताईंनी माझ्याकडे पाहिलं. संपला वर्ग, मी मनात म्हटलं.

"ये किसने किया?" कर्नलीणबाईंनी विचारलं.

गोमती पुढे झाली. "मेरी है."

जवानाला वाटलं, पोर स्वेटर परत मागायला आलीय. बिचारा बाही काढायला लागला.

"पहने रहो, भैया," गोमती म्हणाली. "बस, धोबी से लेते बखत गला देख लेना. लोग बदल लेते हैं."

वॉर्ड हसला. कर्नलीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी मला बाजूला घेऊन खुणांचं सगळं विचारलं, आणि मी सांगितलं.

आठवड्याभरानं समितीचं नवीन गाठोडं आलं. खाकी लोकर, सुया, आणि सगळ्यांत वर लाल दोऱ्याची मोठी रिळं. सुशीलाताईंनी एक रीळ हातात फिरवून पाहिलं.

"पोते राहू द्या व्हरांड्यातच," त्या म्हणाल्या, आणि गेल्या.

त्याच महिन्यात चमेलीला तिचा मामा घेऊन गेला. मी गोमतीला मुद्दाम हाक मारली. "चल, फुलपाखरू रिकामं झालं. आजपासून तुझं."

गोमती सुईत लाल दोरा ओवत होती. तिनं वर पाहिलंच नाही.

"रहने दो बहनजी. फिर वो भैया पहचानेंगे कैसे?"