भावाच्या मुठीतलं मदतीचं बटण

माझा धाकटा भाऊ इम्रान बाजाच्या शिकारीला सौदीतल्या तबूकच्या वाळवंटात गेला होता. गाडी रुतली आणि तो तहानेने गेला. सापडला तेव्हा मदत बोलावण्याचं सॅटेलाइट बटण त्याच्या मुठीत होतं.

आज त्या बटणाची शिफारस करणाऱ्या पॉडकास्टवाल्याला राबिघमध्ये गाठलं. तोही आपल्या रत्नागिरीचाच.

"याच्याशिवाय वाळवंटात पाऊल टाकत नाही म्हणालास. कधी वापरलंस?"

"भाईजान, स्पॉन्सरने लिहून दिलं ते वाचलं. माझं अजून डब्यातच आहे." मग हळूच म्हणाला, "इम्रानने चार्ज केलं होतं ना?"

ते मी भावाला कधी विचारलंच नव्हतं. तो एपिसोड इम्रानला मीच पाठवला होता.

तुमच्यापैकी कुणी ते बटण घेतलं असेल, तर आज घरीच तपासून बघा. चाललं, तर मला सांगू नका.