मळ्याचा ठिपका उजळेना

आर्वेला फुटमन ही माझी नणंद. लग्न मी तिच्या भावाशी केलं, पण संसार हिच्या तालावर. जन्मभर शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना मक्याची लापशी वाढली, आणि वाढताना प्रत्येकाला दोन शब्द सुनावले. नोकरीतून निवृत्त झाली, तोंड काही निवृत्त झालं नाही. गावात तिला कोणी उलटून बोलत नाही. मी बोलते.

तिचा खरा तोरा वीस मेचा. आमच्या फ्लोरिडाच्या या भागात गुलामी संपल्याचं फर्मान सैन्याच्या अधिकाऱ्यानं राजधानी टॅलाहासीत १८६५ सालच्या वीस मेला वाचून दाखवलं होतं, तो आमचा सण. मिरवणूक निघते, आणि पहिल्या गाडीत आर्वेला बसते. का, तर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिची पणजी जन्मली, या गावात मोकळं जन्मलेलं पहिलं मूल. पणजीच्या आईनं, म्हणजे डॉर्कसनं, जन्मल्या दिवशीच नाव ठेवलं लिबर्टी. स्वातंत्र्य! पणजी नव्वदीपर्यंत जगली, आर्वेला तिच्या मांडीवर वाढली. "फर्मान निघालं, आणि आमची माणसं विदरबीच्या मळ्यातून गात गात बाहेर पडली," हे पणजीचं वाक्य आर्वेला दर वर्षी माइकवर सांगायची. ऐकून ऐकून मलाही पाठ झालं होतं.

यंदा सणाच्या आधीच्या रविवारी कॉलेजची मुलं आली. ब्रिएल नावाची चुणचुणीत पोरगी त्यांची पुढारी. सैन्याच्या नोंदी, मजुरीचे करार, काय काय धुंडाळून त्यांनी संगणकावर जिल्ह्याचा नकाशा केला होता. एकेक मळा म्हणजे एकेक काळा ठिपका. तारीख पुढे सरकवली की जिथली माणसं खरोखर सुटली, तो ठिपका पिवळा व्हायचा. चर्चच्या हॉलमध्ये त्यांनी ते भिंतीवर दाखवलं.

"आता आमच्या विदरबीकडे बघा हं," आर्वेला खुर्ची पुढे ओढत म्हणाली. "सगळ्यात आधी उजळेल."

वीस मे. टॅलाहासी उजळलं. जून आला, आमच्या आजूबाजूचे मळे उजळायला लागले. आमचा काळाच. जुलै. ऑगस्ट. सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला. नाताळ तोंडावर आला तेव्हा कुठे तो मेला ठिपका पिवळा झाला.

"पोरी, तुझं यंत्र बिघडलंय," मी म्हणाले.

"नाही, मॅम. आम्हीसुद्धा हादरलो. पुन्हा पुन्हा तपासलं." ब्रिएलचा आवाज अगदी बारीक झाला होता. "कापूस हाती येईपर्यंत मालकानं त्यांना सोडलंच नाही. बहुतेक बातमी कळूच दिली नसावी."

मागून आमच्या चर्चमधला ब्रदर इझेल खाकरला. त्याची आजी शेजारच्या मळ्यावर त्याच वर्षी सप्टेंबरात जन्मलेली, त्यामुळे त्याचा त्या गाडीवर कधीपासूनचा डोळा. "म्हणजे यंदा पहिल्या गाडीचं बघावं लागणार म्हणायचं."

"आधी तुझ्या कवळीचं बघ, बोलताना हलतेय," मी फाडकन म्हणाले.

हे खरं तर आर्वेलानं म्हणायचं. पण ती उठली आणि हॉलमागच्या स्वयंपाकघरात गेली. मीही मागोमाग. वाटलं, गाडी हातची गेली म्हणून रडत असेल. कसलं रडणं! ओटा घट्ट धरून उभी होती, आणि डोळे कोरडे.

"लर्लीन, डॉर्कसला बातमी कळलीच नव्हती, तर ऑगस्टमध्ये पोरीचं ते नाव कसं ठेवलं तिनं?"

अगं बाई! हे मला कधी सुचलंच नव्हतं.

"तिला ठाऊक होतं गं. सगळ्यांनाच ठाऊक असणार. ठाऊक असून ती ओली बाळंतीण त्या मेल्यासाठी कापूस वेचत राहिली. म्हणजे बांधावर कोणीतरी बंदूक घेऊन उभं असणार." तिचा आवाज चिरकला. "मग गात गात कुठलं? पणजीला हे सांगितलं कुणी?"

"तिच्या आईनंच," मी म्हणाले, आणि माझा हात आपसूक तोंडावर गेला.

बाहेर येऊन ती ब्रिएलसमोर उभी राहिली. "नकाशा बरोबर आहे तुझा, पोरी. पण कळलं नसावं असं कुठे लिहू नकोस. त्यांना कळलं होतं." आणि नावाची गोष्ट सांगितली. ब्रिएलनं ते लगेच लिहून घेतलं. तिच्याबरोबरचा एक मुलगा उठून बाहेर निघून गेला.

वीस मेला इझेलनं स्वतः गाडीचं दार उघडून धरलं. पश्चात्ताप झाला असावा मेल्याला. आर्वेला म्हणाली, "तूच बस. मला आज बसवणार नाही." सुजलेल्या गुडघ्यांनी ती सबंध वाट चालली. मी शेजारून चालत तिला शिव्या घालत होते, आणि डोळे पुसत होते.

मग तिनं माइक हातात घेतला. लोक त्या नेहमीच्या वाक्यासाठी तयार होऊन बसले होते.

"वीस मेला माझी खापरपणजी डॉर्कस विदरबीच्या रानात कापूस खुरपत होती," आर्वेला म्हणाली. "पणजी तिच्या पोटात होती. डॉर्कस मोकळी होती, तिला ते माहीत होतं, आणि तिला जाऊ देत नव्हते. पुढे तिनं लेकीला यातलं एक अक्षर सांगितलं नाही. आपण गात गात बाहेर पडलो, तू मोकळी जन्मलीस, एवढंच सांगत राहिली. माझी पणजी नव्वद वर्षं ताठ मानेनं जगली ना, ती आईच्या त्या थापेवर."