धरायला कुणीतरी लागतं

माझ्या आत्याने डूख धरला तो सायकलच्या दुकानावरून, आणि तो तिने कधी लपवला नाही. "माफ करायला मी काय संत आहे?" असं ती चारचौघांत म्हणायची.

तिचं अर्धं आयुष्य माझ्या बाबांच्या, म्हणजे तिच्या थोरल्या भावाच्या दुकानात धरण्यात गेलं. "बारके, धर," असं बाबा म्हणाले की तिने चाक धरायचं, फ्रेम धरायची, दिवा धरायचा. पाना मात्र बाबांच्या हातात. मध्येच बाबा गिऱ्हाइकाशी गप्पा हाणत चहा प्यायचे आणि ती तशीच वाकून उभी. धरता धरता तिने सगळं काम डोळ्यांनी उचललं. बाबांचे गुडघे गेले तेव्हा तिला वाटलं, आता पाना आपल्याकडे येणार. तो गेला माझ्या बहिणीच्या नवऱ्याकडे. दाजी तोवर फर्निचर विकत होते.

"जावई करतील सगळं," बाबा तिला म्हणाले, "आणि तू आहेसच धरायला."

आत्याने हातातलं चाक जमिनीवर ठेवलं आणि चालू लागली. पुढे रस्त्यापलीकडचा एक बंद गाळा तिने भाड्याने घेतला. बरोब्बर दुकानातल्या बाबांच्या खुर्चीसमोर.

"सगळं गाव सोडून इथेच?" मी विचारलं.

"त्याला दिसायला नको?"

बाबा बघायचे. आत्या मुद्दाम दारातच काम करायची. पण तेवढ्याने तिचं पोट भरेना. तिला बाबा रस्ता ओलांडून यायला हवे होते.

तो दिवस पोस्टातल्या बाईंनी आणला. त्यांच्या नव्या सायकलला डिस्क ब्रेक, आणि दोन्ही बाजूंना टपालाच्या पिशव्या लटकवायला त्यांनी दाजींकडून मागे कॅरिअर बसवून घेतलं होतं. दुसऱ्याच दिवशी त्या दाजींच्या दुकानासमोर उभ्या राहून असं काही बोलल्या की दाजी सायकल ढकलत थेट आत्याच्या दारात.

"आत्या, जरा बघता का? डाव्या बाजूला ब्रेकचा डबा आहे ना, कॅरिअरचा पाय नेमका तिथेच येतो."

"मग?"

"हातोडीने जरासा बाहेर वाकवला."

"हातोडीने."

"बसला होता हो. पण पिशव्या भरल्या की पाय ब्रेकवर टेकतो आणि चाक घासतं."

"खुर्चीला चाललं असतं, जावईबापू. खुर्ची कुठे पळते?"

दाजींनी घाम पुसला. "नवीन कॅरिअर आणलंय. बसवून द्या, बाई ऐकत नाहीत."

"देते की. सासऱ्यांना पाठवा."

"त्यांचे गुडघे..."

"रस्ता काही रुंद नाही. मी ओलांडला होता."

बाबा काठी टेकत आले, मागून पोस्टातल्या बाईही. आत्याने पायाने स्टूल आत सरकवलं.

"बारके, बसवून टाक. दुकानाचं हसं होतंय."

"बसवते. पण एकटीला कसं जमणार? धर."

मी खिळ्याला टांगलेल्या जुन्या ट्यूबच्या पट्टीकडे पाहिलं. एरवी आत्या त्या पट्टीने कॅरिअर सीटला बांधते आणि एकटीच काम उरकते. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी तोंड मिटलं.

बाबांनी वाकून कॅरिअर धरलं. काम म्हणजे काय, तर फ्रेम आणि कॅरिअरचा पाय यांच्यामध्ये नळीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा घालायचा, म्हणजे पाय ब्रेकपासून लांब राहतो, आणि त्या मापाचा लांब बोल्ट लावायचा. दोन्हीकडे तसंच. तुकडे समोरच होते. आत्या ते डब्यात शोधत बसली. मग तिने पोस्टातल्या बाईंना चहा दिला, त्यांच्या आईच्या डोळ्यांची चौकशी केली, कुठले थेंब घालता तेही विचारलं.

"बारके, हात भरून आले."

"येतात. मग मुंग्या येतात. त्यानंतर काही कळत नाही."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. पण कॅरिअर सोडलं नाही.

शेवटी तिने बोल्ट आवळले. बाबा कण्हत सरळ होऊ लागले.

"झालं ना?"

"बोल्टचं टोक आतून डिस्कला लागतंय का ते बघू दे. धर अजून."

तिने चाकाला हात मारला. कुठे घासणं नाही, खरखर नाही. तिला ते पहिल्याच फेरीत कळलं, बाबांनाही कळलं. चाक गरगरत राहिलं. आत्याने स्टूल पुढे ओढलं, त्यावर बसली आणि स्वतःसाठी कपात चहा ओतला.