येतो, वयनी

माझ्या ऑफिसात एका माणसाचा हात मोडला तो एका शब्दापायी. शब्द साधाच, 'येतो'. आजही तो कानावर पडला की माझ्या डोक्यात सणक जाते.

वर्ध्याला लागून असलेल्या सावंगी आणि सिंदी मेघे इथले भाड्याचे फ्लॅट मी सांभाळते. मालक पुण्यात, नागपुरात, कुणी परदेशात. भाडेकरू इथे, आणि दोघांच्या शिव्या खायला मध्ये मी. नळ गळला, कुलर जळला, मोटर बसली की फोन मला. मिस्त्र्याला फोन केला की तो म्हणणार, "पाह्यतो ना." पाह्यतो म्हणजे येणार नाही, हे मी पहिल्या उन्हाळ्यातच शिकले. मीही काही गरीब गाय नव्हे. एका सुताराला मी भर चौकात असं तासलं होतं की तो अजून मला पाहून गल्ली बदलतो.

शेवटी नागपूरच्या एका इंजिनिअरला गाठून मी ही सगळी कटकट यंत्राच्या गळ्यात घातली. भाडेकरूने व्हॉट्सॲपवर तक्रार टाकायची. यंत्र वेळ ठरवणार, मिस्त्र्याला विचारणार आणि त्याचं उत्तर वाचून भाडेकरूला कळवणार. मेसेज सगळे माझ्या नावाने, माझ्या फोटोसकट. तक्रारीसाठी मला फोन करायची सोयच मी बंद करून टाकली.

आमच्याकडचे मिस्त्री काय काय उत्तरं देतात, ते इंजिनिअरने मला विचारून घेतलं. 'हो', 'जमते', 'येतो' म्हणजे होकार. 'नाई', 'पाह्यतो' म्हणजे नकार. माणूस दोन्ही बोलला तर शेवटचं खरं धरायचं, कारण आमची माणसं आधी नाही म्हणून मग कबूल होतात. हेही मीच सांगितलं, आणि स्वतःच्या हुशारीवर भारी खूश झाले. काम आटोपून तो उठला, दारात बूट घालता घालता "येतो मॅडम" म्हणाला. मी "या" म्हटलं. दोघांच्याही डोक्यात काही शिरलं नाही.

माझा प्लंबर वडनेरचा, भाजी पिकवणाऱ्या घरातला. धाकटा भाऊ मळ्यात, हा नळात. लहानपणी शाळेला निघताना हा "जातो" म्हणाला, तर आईने थोबाडीत अशी ठेवून दिली की हलणारा दात हातात आला. "जाते ते मेलेले," ती म्हणाली, "येतो म्हन." चहा पिताना हसत हसत त्याने मला हे सांगितलं होतं. त्यानंतर त्याच्या तोंडून 'जातो' कधी निघालं नाही. माझ्याकडून उठताना तो दर वेळी "येतो, वयनी" म्हणायचा, आणि मी "या" म्हटल्याशिवाय पायात चप्पल घालायचा नाही.

त्या उन्हाळ्यात सावंगीला तिसऱ्या मजल्यावर भिंतीतला पाइप फुटला. भाडेकरू औषध कंपनीचा एमआर. बायको सिझेरियन होऊन नुकतीच घरी आलेली, मांडीवर तान्हं बाळ. प्लंबरने भिंत फोडली आणि त्या घराचं पाणी बंद केलं. आतला जोड जुन्या मापाचा निघाला, तो वर्ध्यात कुठे मिळेना. त्याने नागपूरला सांगून ठेवला.

दुसऱ्या दिवशी यंत्राने माझ्या नावाने त्याला विचारलं, दुपारी जमेल का? त्याने लिहिलं, "जोड भेटला नाई. येतो वयनी." म्हणजे बोलणं झालं, आता निरोप द्या. वहिनीचा निरोप न घेता फोन खिशात कसा टाकायचा? यंत्राने शेवटचा शब्द उचलला आणि भाडेकरूला कळवलं, "मिस्त्री येत आहेत. कृपया घरी थांबा." नवरा काम सोडून थांबला. कुणी आलं नाही. यंत्राने पुन्हा विचारलं, याने पुन्हा तितक्याच अदबीने निरोप घेतला. मग पुन्हा. माझ्या स्क्रीनवर सगळं हिरवंगार होतं आणि मी कुलरसमोर निवांत बसले होते.

जोड मिळाला त्या दुपारी प्लंबर तो घेऊन माझ्याकडे गच्चीची किल्ली न्यायला आला. मी किल्ली शोधत होते. तेवढ्यात दार धाडकन उघडलं आणि एमआर आत शिरला. त्याने हातातलं हेल्मेट प्लंबरच्या तोंडावर हाणलं. ओठ फाटला. प्लंबर टेबलाला धरून उभा राहू लागला, तर एमआरने प्लंबरच्याच थैलीतला पाइपपाना उचलला आणि टेबलावरच्या त्या उजव्या हातावर घातला. एकदा आणि परत एकदा. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला आहे. वाळली काडी मोडावी तसाच येतो, काही वेगळा नाही.

मी पाण्याचा स्टीलचा जग उचलला आणि एमआरच्या कानशिलावर हाणला. तो खाली बसला, तरी मी मारतच होते. मला थांबायचं नव्हतं. थांबवलं ते प्लंबरने, डाव्या हाताने माझा पदर ओढून.

"तीनदा येतो म्हनला हा," एमआर खालूनच ओरडला. "माही बायको टाके असून खालून बादल्या वाहून राह्यली. आज टाका उसवला तिचा. रक्त थांबून नाई राह्यलं. इचारा त्याले, काऊन खोटं बोलला."

त्याने फोन पुढे केला. त्यावर माझा फोटो, माझं नाव आणि खाली तेच वाक्य पुन्हा पुन्हा, मिस्त्री येत आहेत.

प्लंबरला काही समजेना. तोंडातलं रक्त गिळत तो म्हणाला, "मी तं वयनीले येतो म्हनलं. निघतानी म्हनते तसं. जोड भेटला नाई म्हून सांगतलं होतं ना, वयनी तुमाले."

मला त्याने काहीच सांगितलं नव्हतं. तो यंत्राचा निरोप घेत होता.

एमआरने पाना खाली ठेवला. मग तो दोन्ही हातांनी स्वतःच्याच तोंडात मारायला लागला, आणि या वेळी त्याला कुणी अडवलं नाही. त्यानेच प्लंबरला गाडीवर बसवून दवाखान्यात नेलं. टाका उसवलेली बायकोही तिथेच होती. जोड दुसऱ्या मिस्त्र्याने बसवला. फरशी मी पुसली. इंजिनिअरला फोन लावून मी तोंडाला येईल ते बोलले. तो म्हणाला, "मॅडम, येतो म्हणजे होकार, हे तुम्हीच सांगितलं होतं." मी फोन आपटला. खरं बोलणाऱ्या माणसाचा मला त्या दिवशी फार राग आला.

प्लंबरने पोलिसांत तक्रार केली नाही. "त्याच्या घरी लेकरू हाये," एवढंच म्हणाला. बायको वाचली, बाळ वाढलं, घर बदलून ते लोक निघून गेले. आता यंत्र मिस्त्र्यांना शब्द विचारत नाही. हो असेल तर एक दाबा, नाही असेल तर दोन.

प्लास्टर निघालं, पण बोटं मिटेनात. एका सकाळी तो माझ्याकडच्या किल्ल्या परत करायला आला. मी म्हटलं, पाना धरू नका, नुसतं दुसऱ्या मिस्त्र्यांवर लक्ष ठेवा, तुम्ही मला हवे आहात. त्याने नाही म्हणून मान हलवली. भावाची भाजी हिंगणघाटच्या बाजारात विकायला बसणार होता. तराजू डाव्या हातानेही धरता येतो, म्हणाला.

चहा त्याने अर्धाच प्यायला. उठून दाराशी गेला आणि चपला आधीच पायात सरकवल्या. मी 'या' म्हणायला तोंड उघडून बसले होते.

"जातो, वयनी," तो म्हणाला.