शोधात न लिहिलेलं काम

तुमच्या घरातला कमावता माणूस सकाळी बाहेर पडल्यापासून संध्याकाळपर्यंत हाताने नेमकं काय करतो, सांगू शकाल? हुद्दा नको, कंपनीचं नावही नको. हाताने काय करतो तेवढंच सांगा. अडखळलात? मग सगुणाला हसायचा हक्क तुम्हाला नाही.

सगुणा तुर्भ्याजवळच्या एका खाडीकाठच्या गावातली. सासऱ्यांची भातशेती शहराच्या पोटात गेली आणि बदल्यात आलेल्या प्लॉटवर तीन मजली घर उभं राहिलं. खालच्या खोल्यांत भाडेकरू आले आणि तिच्या नवऱ्याचा हिरामण शेठ झाला. पांढरा शर्ट, गळ्यात चेन. खांदेश्वरपासून द्रोणागिरीपर्यंतच्या नव्या टॉवरांत किचनचे ओटे बसवायचं कॉन्ट्रॅक्ट. गावाला एवढंच माहीत.

गावाला माहीत नव्हतं ते असं. दगड कापणारी बाहेरगावची माणसं कधीच सोडून गेली होती आणि हिरामण स्वतः ग्राइंडर घेऊन बसत होता. पाणी मारत कापलं तर धूळ खाली बसते, हे त्यालाही कळायचं. पण तयार फ्लॅटमध्ये पाणी सांडलं की खालच्या मजल्यावर ओल उतरते, बिल्डरचा माणूस अंगावर येतो. म्हणून कोरडं कापायचं. लॉबीत धूळ गेली की वॉचमन शिट्ट्या मारतो, म्हणून खिडक्या-दारं लावून कापायचं. तोंडाला रुमाल. काम संपलं की तिथल्याच बाथरूममध्ये अंघोळ करायची, पिशवीतला पांढरा शर्ट चढवायचा आणि शेठ होऊन घरी यायचं. ज्यांच्या जमिनीवर हे टॉवर उभे आहेत त्या घरातल्या माणसाने त्याच टॉवरात उकिडवं बसून दगड कापायचा, हे गावात कुणाला कसं सांगणार?

सगुणाला ठाऊक होतं. उशीच्या अभ्र्यावर पांढरी पूड पडायची. शेजारणी उठायच्या आत ती गच्चीवर जाऊन अभ्रे झटकायची. कुणी विचारलं तर म्हणायची, "आमच्या यांचा कॉन्ट्रॅक्ट हाय." सांगून सांगून तिचाच त्यावर विश्वास बसला होता.

मग खोकला आला. एक मजला चढताना हिरामण दोनदा थांबायला लागला. जवळच्या डॉक्टरने छातीचा फोटो काढला, टीबी म्हणाला, गोळ्या सुरू केल्या. गोळ्या संपत आल्या तरी दम काही कमी होईना.

सगुणाने मोबाईल हातात घेतला. नववी शिकलेली बाई. माईकचं बटण दाबून बोलायची, "दम लागतो, घरगुती उपाय." आलं, ओवा, जेष्ठमध. एक व्हिडिओ बघितला की तसलेच दहा समोर येऊन बसायचे. कुठला तरी दाढीवाला म्हणायचा फुफ्फुसात कफ आहे, कुठली बाई म्हणायची रात्रीचं दही बंद करा. सगुणाने दही बंद केलं, घरात ओव्याच्या धुरीचा वास भरून राहिला. हिरामण वैतागायचा, "अगं, मना जिता ठेवतंस का धुरानं मारतंस?"

खालच्या खोलीत नमिता राहायची, साताऱ्याकडची. ऐरोलीत विमा कंपनीचे क्लेम तपासायचं काम करायची. क्लेममधलं हॉस्पिटल खरंच आहे का, डॉक्टर खरा आहे का, हे दिवसभर नेटवर शोधणं हीच तिची रोजी. एका दुपारी तिने सगुणाचा फोन बघितला आणि कपाळाला हात लावला.

"ताई, तुम्ही उपाय मागताय, ते उपाय देतायत. कारण कधी मागितलंत?"

"म्हंजे?"

"आधी विचारा, दम कशाकशाने लागतो. मग प्रत्येक पानाला विचारा, हे लिहिलंय कोणी? तो काय विकतो? तेच दुसरा कोणी म्हणतो का, ज्याचा त्यात फायदा नाही? आणि आपल्याला जे खरं वाटतंय त्याच्या उलटंही एकदा शोधून बघा."

"उलटं कशाला? लग्नाच्या बायोडाट्यासारखी चौकशी करायची काय?"

"तश्शीच. मुलाकडच्यांनी सांगितलेलं आपण खरं धरतो का? चार गल्ल्यांत विचारतो ना?"

हे सगुणाला पटलं. स्थळांच्या चौकश्या करण्यात तिचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. ती शिकली. भराभर शिकली. वाक्य सोडून नेमके शब्द टाकायचे. वरची जाहिरात सोडून खाली उतरायचं. इंग्रजी पान आलं की त्याचं मराठी करून वाचायचं, अडलं तर नमिताला हाक मारायची. तारीख बघायची. कुणाचंही वाचलं तरी आणखी दोन ठिकाणी ताडून बघायचं.

तरी हाती काही लागेना. टीबीची औषधं का चालत नाहीत, याची पन्नास कारणं सापडली, एकही हिरामणला बसेना. नमिताही थकली. तिने विचारलं, "ताई, भाऊंचं काम काय हो नेमकं?"

"कॉन्ट्रॅक्टर."

नमिताने ते टाकलं. इमारतींच्या जाहिराती आल्या.

असे आठवडे गेले. शब्दशः गेले, कारण हिरामण त्या आठवड्यांतही रोज कामावर जात होता, रोज खिडक्या लावून बसत होता. हे लिहिताना माझं डोकं फिरतं. राग सगुणाचा येत नाही. मोबाईलच्या रिकाम्या चौकटीपुढेसुद्धा माणसाला इज्जत सांभाळावी लागते, असलं आपलं जगणं आहे, त्याचा येतो.

शेवटी एका दुपारी हिरामण बाहेर गेलेला असताना सगुणा एकटीच बसली. दार लोटून घेतलं, चोरी करायची असल्यासारखं. बोलून टाकायची हिंमत होईना, भिंतीपलीकडे जाऊबाई. म्हणून एकेक अक्षर दाबत तिने लिहिलं: ग्राइंडरने किचनचा दगड कोरडा कापणे, धूळ, दम लागणे.

पहिल्याच पानावर आजाराचं नाव होतं. सिलिकोसिस. दगडाची बारीक धूळ फुफ्फुसात रुतते आणि फुफ्फुस आतून आवळत जातं. फोटोत टीबीसारखं दिसतं, म्हणून टीबी समजून औषधं दिली जातात. ओट्यांचे दगड कापणारी तरणी माणसं, परदेशातलीसुद्धा, यानेच मेलेली. सगुणाने शिकल्याप्रमाणे ताडून बघितलं. मोठ्या हॉस्पिटलचं पान, कामगारांच्या आरोग्याचं सरकारी पान, संशोधकांचा लेख. तिघं तीन ठिकाणचे, एकमेकांशी संबंध नसलेले, तरी एकच गोष्ट सांगत होते. गेलेलं फुफ्फुस परत येत नाही. धूळ थांबवली तर उरलेलं जास्त दिवस टिकू शकतं, एवढंच.

चौथं पान वेगळं बोललं. 'मुळापासून बरा होतो.' हिरव्या पानांचं चित्र, हसणारा म्हातारा. सगुणाचा अंगठा त्या पानावर थांबला. खूप वेळ थांबला. मग तिने विचारायचं ते विचारलं. कोणी लिहिलंय? नाव नाही. काय विकतो? पावडर. दुसरं कुणी म्हणतं? कुणीच नाही. तिने ते पान बंद केलं. सगळ्या इंटरनेटवर तिला बरं बोलणारं ते एकच पान होतं, आणि खोटं ओळखायला शिकल्यामुळे तेही तिच्या हातातून गेलं.

सरकारी हॉस्पिटलात ती हिरामणला जवळजवळ ओढत घेऊन गेली. डॉक्टरीणबाईने विचारलं, "काका, काम काय करता?"

"कॉन्ट्रॅक्टर."

"खोटा बोलतान," सगुणा म्हणाली. "दगड कापतान. कोरडा. खिडक्या लावून."

डॉक्टरीणबाई लिहायची थांबली. "आधीच्या डॉक्टरांना का नाही सांगितलंत?"

"कोनी इचारलंच नाय. आनि इचारलं तरी सांगलं नसतं."

तपासण्या झाल्या. तेच निघालं. परत येताना हिरामण रिक्षात तोंड फिरवून बसला. "इज्जत काढलीस माजी."

"छाती ऱ्हायली तर इज्जत ठेवाला जागा ऱ्हाईल," सगुणा म्हणाली.

त्याने ग्राइंडर सोडला, पण उशीर झाला होता. घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. मशीनची घरघर सुरू असताना एकदा हिरामणने विचारलं, "बरा व्हतंय असा कुठं लिवलाय का गो?"

"एके ठिकानी लिवलाय."

"मग?"

"तो पावडर इकतो."

हिरामण हसला. हसता हसता खोकला आला, तो थांबेना. सगुणा पाठीवरून हात फिरवत राहिली. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं, आणि ते नसल्याचं तिला पक्कं माहीत होतं. हे माहीत असणं काय असतं, ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

पुढचा उन्हाळा त्याने बघितला नाही.

दहाव्याला अंगणात सगळं गाव जमलं. चुलतदीर रावसाहेब खुर्चीत बसून सांगत होते, "हिरामन म्हंजे आपला नामी कॉन्ट्रॅक्टर. टीबीनं नेला बिचाऱ्याला."

सगुणा आतून बाहेर आली. डोक्यावरचा पदर नीट केला. "टीबी नव्हता, भावोजी. दगड कापायचे ते, सोताच्या हातानं. त्या धुळीनं नेला."

जाऊबाईने तिचा दंड धरला, "आज कशाला ते?" रावसाहेबांनी मान फिरवली. दोघंतिघं उठून गेले. गावात आजही म्हणतात की सगुणाने मेलेल्या नवऱ्याचं नाव घालवलं. म्हणू दे. असल्या नावाने माणसाला श्वास घेता येत नाही.

पंगत उठल्यावर मागच्या दारी गावातलीच पुतळा आली. तिचा नवरा सदू पूर्वी हिरामणबरोबर साइटवर जायचा, आता स्वतःची कामं घ्यायचा. पुतळाने मोबाईल पुढे केला.

"वहिनी, त्या आजाराचा नाव लिवून दे. यांना पन खोकला सुटत नाय."

सगुणाने मोबाईल घेतला नाही. "सदू काम काय करतो?"

"सुपरव्हिजन."

सगुणा तिच्याकडे नुसती बघत राहिली. पुतळाने अंगणाकडे बघितलं, कुणी ऐकत नव्हतं. तरी तिचा आवाज पार खाली गेला.

"कापतो," ती म्हणाली.

"मग ता लिव. तुज्या हातानं लिव."

पुतळा तिथेच पायरीवर बसली आणि एकेक अक्षर शोधत लिहायला लागली.

तुमच्या घरात, चाळीत, सोसायटीत कुणी दगड, फरशी, ओटा कोरडा कापत असेल तर त्याला आज थांबवा. खोकत असेल तर हाताला धरून मोठ्या हॉस्पिटलात न्या आणि तो हाताने काय करतो ते डॉक्टरला स्पष्ट सांगा. त्याला सांगायची लाज वाटत असेल तर त्याच्या वतीने तुम्ही सांगा.