रविवारचा फोन

हे मी आजवर कुणाकडेच बोलले नाही. सख्ख्या बहिणीकडे नाही, देवळात हात जोडून उभी असतानासुद्धा नाही. तुमच्याकडे का बोलतेय — माहीत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

अठ्ठ्याण्णव साल असेल. जयगडच्या बाजूला, सड्यावरच्या, म्हणजे उघड्या कातळमाळावरच्या, एका शाळेत मी शिकवायचे. रत्नागिरी शहरातून आलेली, तिशी उलटलेली, बिनलग्नाची. शाळेमागच्याच खोलीत राहायचे. गावातले बहुतेक पुरुष मुंबईला, आणि फोन गावात एकच — शाळेत. हेडमास्तर म्हणायचे, शाळा गावाची तर फोनही गावाचा. म्हणून रविवारी शाळा बंद असली तरी फोन चालू. सांभाळायचा कोणी? मीच. मला कुठे पोरंबाळं होती?

पद्धत अशी होती. मुंबईहून फोन आला की मी नाव विचारायचे, "पंधरा मिनिटांनी परत करा" म्हणायचे आणि घंटा द्यायचे. घंटा म्हणजे पडवीत टांगलेला रुळाचा तुकडा. वरच्या वाडीला दोन टोल, खालच्या वाडीला तीन. फोन कुणाचा ते इथे आल्यावरच कळायचं, त्यामुळे वाडीतल्या सगळ्याच बायका यायच्या. तोंड धुऊन, पावडर लावून, केसांत अबोली माळून. फोनवर दिसतं का काही? पण माळायच्या. एक बोलायची, बाकीच्या पोरांच्या बाकांवर दाटीवाटीने बसून ऐकायच्या, एकमेकींना कोपरखळ्या मारायच्या. दुपारचं पिवळं ऊन पडवीत उतरायचं, वाऱ्यावर गवत वाळल्याचा वास यायचा, आणि वाटायचं, हा रविवार असाच चालू राहणार. अजून स्वप्नात येते ती पडवी. स्वप्नात बायका बोलत असतात, आवाज मात्र येत नाही.

मला आवडायचं का ते सगळं? आवडायचं. आणि सलायचंही. इतक्या रविवारांत माझ्यासाठी म्हणून तो फोन कधी वाजला नाही.

सुलभा वरच्या वाडीतली. तिची मुलगी माझ्याच वर्गात होती. नवरा, महादेव, मुंबईला गिरणीत होता, ती नोकरी सुटली, मग कुठेतरी वॉचमन. दर रविवारी फोन करायचा. बोलताना ती रिसीव्हर दोन्ही हातांनी धरायची, आणि तिचा चेहरा असा काही व्हायचा — मी फळा पुसायला जायचे. पुसलेलाच असायचा.

त्या आश्विनात दोघांचं बिनसलं. तो म्हणत होता, पोरीला घेऊन मुंबईला ये. ही म्हणत होती, म्हाताऱ्या सासूला कोण बघणार? एका रविवारी तिने रिसीव्हर आपटला. मी समजुतीचं काहीतरी बोलायला गेले, तर म्हणाली, "तुमाला नाय कळायचं, बाई. तुमाला कोन बोलवतंय?"

रागाच्या भरात बोलली. घरी पोचेपर्यंत विसरलीही असेल. मी विसरले नाही.

पुढच्या रविवारी भातकापणी ऐन भरात, पडवीत चिटपाखरू नव्हतं. उन्हं कलताना महादेवचा फोन आला. घाईघाईने बोलत होता. आईसकट सगळी मावतील अशी खोली मिळतेय, बाई, आज मालकाला हो की नाही सांगायचंय. तिला बोलवा. आज ती फोनवर आली तर खोली घेतो. नाही आली, तर समजेन की तिला यायचंच नाही. मी म्हटलं, पंधरा मिनिटांनी करा.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की माझा डोळा लागला. साफ खोटं. मी टक्क जागी होते. रुळाच्या तुकड्याखाली स्टूल ओढून बसले होते, हातोडी मांडीवर. वरच्या वाडीच्या शेतातून बायकांचं हसणं ऐकू येत होतं. त्यात तीही असणार. दोन टोल — तेवढंच तर होतं. मी दिले नाहीत. आणि खरं सांगू? ती पंधरा मिनिटं मला फार गोड वाटली. कुणीतरी माझीही वाट बघत होतं.

फोन वाजला. मी म्हटलं, "घंटा दिली. नाही आली."

तो म्हणाला, "बरं." मला वाटलं, करील पुन्हा, नवराबायकोचं भांडण ते. नाही केला. शिमग्याला आला नाही, पुढच्या गणपतीलाही नाही. सुलभाही हट्टी. आधी त्यांनी फोन करायचा, म्हणायची, आणि दर रविवारी येऊन बाकावर बसायची. मी तिला चहा द्यायचे. पाठीवरून हात फिरवायचे. मी. सांगायला तोंड उघडलं की नाही कधी? उघडलं. प्रत्येक वेळी "साखर बरोबर आहे ना" एवढंच बाहेर आलं. तिसऱ्या वर्षी बातमी आली, महादेवने तिकडे दुसरं बिऱ्हाड केलं.

रविवारच्या फोनचं पुढे तालुक्यात कौतुक झालं. शाळेने गावाला कसं धरून राहावं ते या बाईंकडून शिका, असं साहेब भाषणात म्हणाले. मी शाल घेतली, नारळ घेतला.

काही वर्षांनी माझी बदली झाली. तोवर मोबाईल आले होते, शाळेचा फोन धूळ खात पडला होता. सुलभा मला हमरस्त्यावर, हातखंब्याच्या नाक्यापर्यंत सोडायला आली. एसटीची वाट बघताना अचानक म्हणाली, "तेनी एक फोन केला असता ना, बाई, तर मी होती तशी निघाली असती."

मी म्हटलं, "हो ना गं."

गाडी आली. तिने माझ्या पिशव्या चढवून दिल्या, आणि खिडकीखाली उभी राहून, पाया पडायचं राहूनच गेलं म्हणून हळहळत राहिली.